भाव पडेपर्यंत थांब

बर्फावरच्या हॉकीची एकही मॅच मी स्टेडियममध्ये बसून पाहिलेली नाही. स्केटिंगचे बूट एकदाच पायात घातले, कॅनबरातच, आणि कठडा धरून दहा पावलांत बाहेर आले. तरीही माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी याच हॉकीवर पोट भरलं. कॅनडा-अमेरिकेतल्या क्लबांना त्यांच्या खेळाडूंचा भाव काढून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी संख्याशास्त्रज्ञ होते. ऑफिस सिडनीत, आणि मी कॅनबराच्या गुंगालिन उपनगरातल्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, हीटर लावून.

पुण्याला सांगितलं की लोकांना वाटायचं मी हिरव्या मैदानावरच्या हॉकीत काहीतरी मोठं करते. माझ्या मोठ्या नणंदेने तर एकदा, "मग आपल्या टीमला काहीतरी सांग ना, पेनल्टी कॉर्नर वाया घालवतात," असं फोनवर सुनावलं होतं. मी "सांगते" म्हटलं. बर्फ, स्केट्स, काळी रबरी चकती हे सगळं समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

धंदा मात्र समजायला अवघड नाही. या खेळात क्लब एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात. तुमचा बचावपटू आम्हाला द्या, आमचा एक पोरगा आणि पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून निवड करायचा आमचा हक्क तुम्ही घ्या, असा व्यवहार. खेळाडूला विचारायची गरज नसते. सकाळी एका शहरात जागा झालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराचा असतो. बायको-मुलं मागून येतात, सामान त्याच्याही मागून.

आता भाव कशाने ठरतो? बाहेरच्यांना वाटतं, गोल किती मारले त्यावरून. तो अर्धाच हिशोब. उरलेला अर्धा त्याच्या करारात असतो. करार संपत आलेला खेळाडू म्हणजे भाड्याचं घर. उन्हाळ्यात निघून जाणार, त्याच्यासाठी कोण जीव टाकेल? त्याच खेळाडूने वाजवी पगारात लांबची मुदतवाढ घेतली की तो मालकीचा फ्लॅट होतो आणि दारात रांग लागते. आणि तीच मुदतवाढ भरमसाट पगाराची असली तर तो पांढरा हत्ती. प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे हत्ती पोसणारा क्लब दुसरं काही पोसू शकत नाही.

असा एक हत्ती माझ्या सुरुवातीच्या काळात आला होता. गोलरक्षक. एक हंगाम असा खेळला की चकती त्याला बघताच शरण यायची. क्लबने घाईघाईने लांबलचक करार केला. आमचा आकडा सांगत होता की इतक्या वयात अशी वर्षं पुन्हा येत नाहीत. तिथला मॅनेजर बारा गावचं पाणी प्यायलेला. मला व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मला आकडा नकोय, मला माझ्या मालकाला दाखवायला आकडा हवाय." दोन हंगामांनी त्या गोलरक्षकाला कुणी फुकटही घेईना. शेवटी सोबत एक गुणी पोरगा देऊन त्याला दुसऱ्या क्लबच्या गळ्यात मारला. ज्याच्यासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्याला न्यायला लोकांना वरून काहीतरी द्यावं लागलं. माणूस तोच होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि आमच्या बॉसला, ग्रेगला, ते फार विनोदी वाटलं. "इट्स जस्ट अ नंबर, मेट," तो म्हणाला. ग्रेगला सगळं जगच जस्ट अ नंबर होतं.

पण मला सांगायची आहे ती केव्हिनची गोष्ट.

केव्हिन आमचा शेजारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. वयाने माझ्या थोरल्या मामाएवढा, पण ऑस्ट्रेलियात शेजाऱ्याला अहो-जाहो करायला गेलं तर तो मागे वळून बघतो, म्हणून इथेही 'तो'च म्हणते. थंडीत आमच्या गाडीच्या काचेवर बर्फ धरला की मी उठायच्या आत तो कोमट पाणी ओतून मोकळा झालेला असायचा. माझं सुनंदा हे नाव त्याने पहिल्याच दिवशी 'सू' करून टाकलं होतं.

त्याची एकुलती एक मुलगी जेन. शिकायला कॅनडाला गेली आणि तिथे एका हॉकीपटूच्या प्रेमात पडली, लग्न करून तिथेच राहिली. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही, मात्स म्हणू. स्वीडनचा, अबोल, बचावात खेळणारा. मी हॉकीतच काम करते हे कळल्यावर केव्हिनला कोण आनंद! कुंपणाशी उभा राहून तो मला मात्सच्या प्रत्येक मॅचचं वर्णन ऐकवायचा. मला ती मॅच आकड्यांत आधीच पाठ असायची, तरी मी ऐकायचे.

एका जुलैत, इथे हाडं गोठवणारी थंडी असताना, तो धावतच आला. मात्सला मुदतवाढ मिळाली होती. लांबची. घराजवळच्या शाळेत नातीचं नाव घातलं होतं, तिथे राहता यावं म्हणून मात्सने बाजारात मिळाला असता त्यापेक्षा कमी पगार घेतला होता. शिवाय करारात कलम होतं: त्याच्या संमतीशिवाय अदलाबदल नाही.

"दे आर सेट, सू! आता कुठे जायचं नाही. आणि मीही चाललो त्यांच्याकडे. घर विकतो."

मी त्याचं अभिनंदन केलं आणि मग जे म्हणायचं नसतं ते म्हटलं.

"केव्हिन, ते कलम कधी लागू होणार?"

"सही झाली की."

"नाही. नवा करार पुढच्या जुलैत सुरू होतो. कलमही तेव्हाच. तोवर जुनाच करार चालू आहे, आणि त्यात कलम नाही."

आपल्याकडे खरेदीखत झालं तरी ताबा मिळेपर्यंत शहाणा माणूस जुनी जागा सोडत नाही, तसंच हे. या मधल्या वर्षात खेळाडूचा भाव सर्वांत जास्त असतो. मुदत लांब, पगार वाजवी, आणि अडवणारं कलम अजून झोपलेलं. घर टिकावं म्हणून मात्सने पगार सोडला होता, आणि त्या सोडलेल्या पगारानेच तो जास्त विकण्याजोगा झाला होता. पेपरात सगळं छापून आलेलं होतं, यात माझ्या कामाचं गुपित काही नव्हतं.

"पुढच्या जुलैपर्यंत घर विकू नकोस," मी म्हटलं.

तो हसला. "नो वरीज, लव्ह. त्यांचा मॅनेजर जेनच्या घरी बार्बेक्यूला आला होता. म्हणाला, यू आर फॅमिली."

मी त्या मॅनेजरला ओळखत नव्हते, पण त्याच्यासारखे डझनभर ओळखत होते. बाजारात तुरी, या म्हणीचं इंग्रजी मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. माणूस आनंदात असला की त्याला कलमं वाचून दाखवणारी बाई शेजारीण म्हणून कुणाला आवडते?

इथल्या उन्हाळ्यात, जानेवारीत, त्याच्या अंगणात विक्रीची पाटी लागली. एप्रिलमध्ये घर गेलं, एका तेलुगू कुटुंबाने घेतलं, चांगली माणसं आहेत. केव्हिनने ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ एक छोटं युनिट, म्हणजे फ्लॅटच, थोड्या महिन्यांसाठी भाड्याने घेतलं. जुलैचं विमान ठरलं होतं.

मे महिन्यात आमच्या एका गिऱ्हाईक क्लबने चौकशी पाठवली. मागच्या फळीसाठी माणूस हवा होता, लांबच्या मुदतीचा, वाजवी पगाराचा. भाव काढणारं माझं मॉडेल, म्हणजे आकडेमोडीचा प्रोग्राम, चालवलं तर पहिलं नाव मात्सचं आलं.

मी त्याच मिनिटाला ग्रेगला फोन केला. "याच्या सासऱ्याला मी ओळखते. मी यावर काम करू शकत नाही."

"गुड कॉल. मिलिंदला दे."

मिलिंद आमचा मेलबर्नचा माणूस, मूळ नागपूरचा, क्रेगीबर्नला राहायचा. हुशार आणि सरळ. त्याला फाईल दिली तेव्हा त्याने ती उघडून नाव वाचलं. मग म्हणाला, "सुनंदाताई, मी काही वेगळं करू शकत नाही हो. मॉडेल तुमचंच आहे, बटन तेवढं मी दाबणार."

खरंच होतं ते. मी बाजूला झाले, पण मी बांधलेलं यंत्र कुठे बाजूला होणार होतं? त्याला शेजारी नव्हते. मी मात्र त्या दिवसांत रोज संध्याकाळी ट्रामच्या स्टॉपपर्यंत फिरायला जायचे आणि केव्हिनच्या युनिटमध्ये भरलेली खोकी बघायचे. बोलायची परवानगी नव्हती, आणि घर गेलेलं असल्याने बोलून फिरवता येण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तो मला चहा द्यायचा, दूध आधी घातलेला, बेचव. मी पिऊन यायचे.

जूनच्या अखेरीस, कलम जागं व्हायला आठवडा असताना, मात्सची अदलाबदल झाली. आमच्या गिऱ्हाईकाने नाही, तिसऱ्याच क्लबने त्याला उचललं. म्हणजे आमचा आकडा नसता तरी हेच झालं असतं. ग्रेगने मला हे समाधान म्हणून सांगितलं. मला त्यात समाधान सापडलं नाही. सगळ्यांची यंत्रं एकच नाव सांगत होती, एवढाच त्याचा अर्थ.

नव्या क्लबने ते कलम पाळायला नकार दिला. सुरू व्हायच्या आत माणूस विकला गेला, तर घेणाऱ्यावर ते बंधन नव्हतं. तेव्हाचा नियम तसा होता. जेन मुलीला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला एका हॉटेलात. शाळा नाही, घर नाही. "डॅड, जरा थांब. आम्हालाच काही कळत नाहीये," ती फोनवर म्हणाली. केव्हिनने विमान रद्द केलं आणि खोकी पुन्हा उघडली. मला एका शब्दाने बोलला नाही. 'तू सांगितलं होतंस' एवढंच म्हणाला, तेही कौतुकाने. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वर्षभराने त्यांचं तिथे बस्तान बसलं. घर झालं, नात शाळेत जाऊ लागली. ख्रिसमसला केव्हिन तीन आठवडे जाऊन आला. नातीने त्याला बर्फावर खुर्ची धरून चालायला शिकवलं, त्याचा व्हिडिओ त्याने ट्रामच्या ड्रायव्हरलासुद्धा दाखवला. जेन म्हणाली, आता राहायलाच ये.

तो थेट माझ्याकडे आला. माझी नोकरी तोवर संपली होती. कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली आणि मी, ग्रेग, सगळेच आपापल्या घरी. केव्हिनला त्याचं काही नव्हतं.

"मागच्या वेळी तुझं ऐकलं नाही. आता ऐकणार. जाऊ का?"

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि नीट समजावलं. मात्सचा करार अजून लांब आहे, पगार कमीच आहे, कलम उरलेलं नाही. क्लब गाळात गेला तर सगळ्यात आधी त्यालाच विकेल, कारण त्याचाच चांगला मोबदला येईल. पुढचे एक-दोन हंगाम सगळ्यात धोक्याचे. पुढे वय वाढेल, वेग कमी होईल, भाव उतरेल. ज्याला कुणी मागत नाही, त्याला कुणी हलवतही नाही.

"म्हणजे तो वाईट खेळायला लागला की मी जायचं?"

"साधारण तसंच."

"ब्लडी हेल," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला. "पुन्हा खोकी भरून पुन्हा उघडायची माझ्यात ताकद नाही, सू. तू सांगशील तेव्हा जाईन."

तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात एक चमत्कारिक कार्यक्रम चालायचा. तिकडच्या शनिवार रात्रीची मॅच, इकडे आम्ही पोहे खात बघायचो. केव्हिन जावयाच्या नावाची जर्सी घालून बसायचा आणि मात्सकडे चकती आली की पुटपुटायचा, "मिस, यू बगर. मिस." माझे यजमान अरुण यांना सुरुवातीला वाटलं, म्हातारा दुसऱ्या टीमचा आहे. मात्सने चूक केली की केव्हिन टाळी वाजवायचा आणि लगेच ओशाळून खाली बघायचा. मात्स फारशा चुका करायचा नाही. त्या दोन हंगामांत तो आयुष्यातलं सर्वोत्तम खेळला. जावई चमकला की सासरा उदास. माझ्या आकड्याने त्या सज्जन माणसावर ही वेळ आणली होती.

"अजून नाही?" मॅच संपली की तो विचारायचा.

"अजून नाही," मी म्हणायचे. खोटं कसं सांगणार? आकडा बरोबर होता. मी तो पुन्हा पुन्हा तपासला होता, चूक सापडावी अशी इच्छा मनात धरून.

अरुण एकदा चिडले. "अगं, पोरीकडे जायचंय त्याला. विकला तर विकला, जाईल त्यांच्याबरोबर. तू काय हवामान खातं आहेस का?" मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मागच्या वेळी त्याने ऐकलं नाही तेव्हा काय झालं ते विसरलात का? वादात मी जिंकले, जशी मी नेहमी जिंकते.

दुसऱ्या हंगामानंतरच्या ऑगस्टमध्ये केव्हिन गेला. सकाळी युनिटच्या दाराशी कचऱ्याचा डबा बाहेर ओढताना कोसळला. शेजारच्या मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली, पण हृदय तिथेच थांबलं होतं.

मात्स विकला गेला नाही. दोन्ही वर्षं अफवा उठल्या, विझल्या. हे लिहिते आहे तेव्हाही तो त्याच क्लबमध्ये, त्याच शहरात आहे, नात त्याच शाळेत. शक्यता म्हणजे भाकीत नव्हे, हे मी माझ्या कामाच्या पहिल्या दिवसापासून लोकांना शिकवत आले. दहातल्या सात वेळा होणारी गोष्ट तीन वेळा होत नाही, आणि त्या तीन वेळाही कुणाचं तरी आयुष्य असतं. क्लबांना परवडतं, त्यांच्याकडे खूप खेळाडू असतात. केव्हिनकडे एकच मुलगी होती.

जेन अंत्यविधीला एकटीच आली. युनिट रिकामं करायला मी तिला मदत केली आणि मग आमच्याकडे जेवायला घेऊन आले. वरणभात केला होता. जरासाच खाल्ला तिने, पण ताट बाजूला सारलं नाही.

"तो सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगायचा," ती म्हणाली. "ट्राममध्ये, केमिस्टकडे. माय मेट सूने सगळं वर्कआउट करून ठेवलंय, ती सांगेल तेव्हा मी जाणार. फार प्राउड होता गं तो. इतकी हुशार कुणीतरी आपल्यासाठी डोकं चालवतंय याचा."

तिच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता. मी त्यात शोधला, सापडला नाही. अरुण उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले.

मग तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "व्हेन वॉज इट, सू? तू त्याला कधी जायला सांगणार होतीस?"

मला ते माहीत होतं. मात्सचं वय, त्याच्या मार खाल्लेल्या गुडघ्याचे आकडे, करारातली उरलेली वर्षं, सगळं मांडून काढलेलं होतं.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. युनिटमधून आणून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली त्याची जर्सी उचलली, नीट घडी केली आणि आपल्या बॅगेत ठेवली.